आनंद चौबळांची शिकवणी

आनंद चौबळ माझ्याकडे स्पॅनिश शिकायला आले, त्या रविवारी मी त्यांना दारातूनच वाटेला लावणार होते. लावलं नाही. तोंडावर दार आपटून माझं समाधान होण्यातलं नव्हतं. या माणसाला मी मनातल्या मनात इतक्यांदा झोडपून काढलं होतं, की आता तो आपल्या पायांनी आमचा जिना चढून आल्यावर त्याला एवढ्या स्वस्तात सोडणं माझ्या जिवावर आलं.

"टिपणीसबाई आपणच ना?" ते म्हणाले. "आपल्याला स्पॅनिश येतं असं कळलं."

माझ्याकडे सरळ बघून म्हणाले. ओशाळले नाहीत, घुटमळले नाहीत. काय निगरगट्ट माणूस आहे, असं मला वाटलं. त्यांच्या मागे, एक पायरी खाली, त्यांची बायको उभी होती. तिचं नाव हेमा. मला नाकारून चौबळांनी जी पसंत केली ती हीच. पेणची, गोरीपान, खाली मान घातलेली. मी दोघांनाही आत घेतलं आणि आईला चहा टाकायला सांगितला.

एकोणपन्नास साली हेच गृहस्थ मला बघायला आले होते. याच खोलीत, याच सतरंजीवर बसले होते. मी पोहे घेऊन आले. त्यांच्या मातोश्रींनी मला उजेडात उभं करून रंग पाहिला, चालून दाखवायला लावलं, केसांची लांबी हातानं मोजली. मग काहीतरी म्हणून दाखव म्हणाल्या. मी एक संस्कृत श्लोक म्हटला, स्वच्छ, एकही अक्षर न चुकता. त्यावर चिरंजीव म्हणाले, "अर्थ सांगा."

अर्थ मला येत होता. नुसता येत नव्हता, आवडत होता. पण आत्यानं सकाळपासून माझे कान किटवले होते. मुलीनं विचारलं तेवढ्याला हो-नाही म्हणायचं, जास्तीची अक्कल पाजळायची नाही. मी आत्याकडे पाहिलं, तिनं डोळे वटारले. मी मूग गिळून बसले. चौबळ हसले आणि आपल्या आईकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले, "पोपट आहे. पढवलेला." मग मंडळींनी पोहे दुसऱ्यांदा मागून घेतले, खाल्ले आणि काढता पाय घेतला.

तेव्हाची डोंबिवली ती केवढी! स्टेशनात कोणी शिंकलं तर गणपतीच्या देवळात कळायचं. आठवड्याच्या आत मी टिपणिसांचा पोपट झाले. पुढची स्थळं आली ती हे ऐकूनच. एका मुलाच्या काकांनी तर चहाचा कप खाली ठेवता ठेवता विचारलं, "मिठू आज बोलणार का?" बाबांनी त्यांना जिन्यापर्यंत पोचवलं, परत आले, माझी पत्रिका ट्रंकेत टाकली आणि वर गरम कपडे रचले. लग्न झालं नाही याचं मला दुःख नाही असं मी लोकांना सांगते, आणि ते बरंचसं खरंही आहे. मी बी. ए. झाले, बी. टी. झाले, कल्याणच्या शाळेत चिकटले. पण बाबा त्या ट्रंकेवर हात ठेवून कितीतरी वेळ वाकून उभे राहिले होते. ते वाकणं मी चौबळांच्या नावावर लिहून ठेवलं होतं.

स्पॅनिश मला मिळालं ते ठाण्याला. तिथल्या कॉन्व्हेंटात सिस्टर पिलार म्हणून स्पेनच्या एक बाई होत्या. दवाखान्यात येणाऱ्या कोळणींशी बोलता यावं म्हणून त्यांना मराठी हवं होतं. मी दर शनिवारी जाऊन शिकवायची आणि बदल्यात त्या मला त्यांची भाषा शिकवायच्या. पुस्तकाला त्यांनी मला कित्येक महिने हात लावू दिला नाही. त्या मिठाचं भांडं लपवायच्या. 'साल' म्हणून मागितल्याशिवाय ते मिळायचं नाही. दार लावून घ्यायच्या आणि 'आब्रा ला पुएर्ता' म्हटल्यावर उघडायच्या. मी चुकायची, त्या पोट धरून हसायच्या, मीही हसायची. मला भाषा आली ती अशी, भांडत, मागत, हसत.

आता चौबळांचं असं झालं होतं, की त्यांची बॅलार्ड पिअरवरची कंपनी अर्जेंटिनात कापडाची एजन्सी उघडत होती. तिकडे पाठवायचा माणूस निवडायला तिकडचे सेन्योर कासारेस दिवाळीच्या आधी येणार होते. ज्याला थोडंफार स्पॅनिश बोलता येईल, त्याचंच नाव. चौबळांना ती जागा हवी होती. इतकी हवी होती की बोलताना त्यांचा आवाज घोगरा झाला.

"शिकवीन," मी म्हटलं.

"फक्त एक विनंती," ते म्हणाले. "ते बोलणं-बिलणं मागाहून. आधी मला रूपं द्या. सगळी रूपं, सगळे नियम, अपवादांसकट. संस्कृत मी असंच पक्कं केलं. मॅट्रिकला पहिला आलो होतो."

मी बशीत चहा ओतत होते. ती त्यांच्यापुढे सरकवली. तोवर माझ्या मनात उलटंसुलटं काहीतरी शिकवायचं घोळत होतं, पण खोटं शिकवणं हा बावळटांचा सूड. तो पकडला जातो. हा माणूस तर आपणहून, हात जोडून, पढवून द्या म्हणत होता. मागेल ते द्यायचं, एवढंच माझं काम उरलं होतं.

"जशी आपली इच्छा," मी म्हटलं.

त्या दिवसापासून दर रविवारी सकाळी आमच्या घरात पाठशाळा भरू लागली. "आब्लो, आब्लास, आब्ला, आब्लामोस, आब्लाइस, आब्लान." मी बोलतो, तू बोलतोस, तो बोलतो. चौबळ मांडी घालून, डोळे मिटून, किंचित डुलत म्हणत. देवः देवौ देवाः म्हणणारं पोर जसं डुलतं, अगदी तसं. "सोय, एरेस, एस, सोमोस, सोइस, सोन." एक रूप चुकवायचे नाहीत. मी त्यांना एकही चुकीचा शब्द दिला नाही, हे शपथेवर सांगते. उलट भरभरून दिलं. भूतकाळ दिले, भविष्यकाळ दिले, लिंगं दिली, अपवाद दिले. फक्त एक दिलं नाही. त्यांना मी कधीही, एकदाही, प्रश्न विचारला नाही.

"वा!" मी म्हणायची. "तुमच्यासारखं पाठांतर मी पाहिलं नाही."

ते फुलायचे. मला मनातून गुदगुल्या व्हायच्या.

हेमा बरोबर यायची ती तिच्या सासूबाईंच्या हुकमावरून. बिनलग्नाच्या बाईसमोर लग्नाच्या माणसानं एकटं बसणं बरं दिसत नाही, सोबत बायको हवी, असा मातोश्रींचा कायदा. तेव्हा हेमा यायची, नमस्कार करायची आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी माझ्या आईबरोबर बिरड्याचे वाल सोलत बसायची. मी तिच्याकडे बघायचंसुद्धा टाळायची. माझ्या जागेवर जाऊन बसलेली बाई, तिचं मला काय कौतुक?

एका रविवारी जिना चढून ती आत आली, पदरानं कपाळ पुसलं आणि आपल्याशीच बोलल्यासारखी म्हणाली, "आथे कालोर."

उकडतंय. सिस्टर पिलार म्हणायच्या तसंच, जीभ दाताला लावून. हे मी चहा पिताना कधीतरी आईला गंमत म्हणून सांगितलं असेन. तिनं ते उचललं होतं आणि बरोबर वेळेला वापरलं होतं.

चौबळांनी मान डोलावली. "आगो, आथेस, आथे," ते म्हणाले. "तृतीय पुरुषी एकवचन. बरोबर आहे." आणि सतरंजीवर बसून डोळे मिटले.

मी मात्र हेमाकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. तिनं माझी नजर चुकवली नाही.

दोन दिवसांनी ती एकटीच आली. विणकाम शिकायला जाते, असं घरी सांगून. टाके तिला माझ्यापेक्षा चांगले येत होते.

"सरोजताई," ती म्हणाली, "हे एकटेच जाणार आहेत. सासूबाई म्हणतात, तू तिकडे जाऊन काय करणार? इथे माझं कोण करील? ह्यांनाही ते पटलंय. दोन-तीन वर्षं तिकडे, आणि मी इथे त्यांचे पाय चेपत." तिनं सुया मांडीवर ठेवल्या. "मला बोलायला शिकवाल?"

"आणि मी त्यांना काय शिकवतेय, ते तुला दिसतंय?"

"पहिल्या दिवसापासून. तुम्ही कोण तेही माहीत आहे. सासूबाईंनीच सांगितलं, टिपणिसांची ती, तिचं अजून जमलं नाही वाटतं, म्हणाल्या." तिनं सुया परत उचलल्या. "मी ह्यांना काहीही सांगितलेलं नाही. मी कशाला सांगू?"

हेमाची मला दया आली म्हणून मी तिला शिकवलं असं कोणी समजू नये. माझा राग फक्त चौबळांवर नव्हता. केस मोजणारे ते हातही मी विसरले नव्हते. सून हातची गेली तर त्या हातांना कळेल, असं माझ्या डोक्यात आलं आणि मी लगेच मिठाचं भांडं लपवलं.

"काय हवंय?" मी स्पॅनिशमधून विचारलं.

तिनं माझ्या पदराआडच्या भांड्याकडे बोट केलं. मी मान हलवली. तिनं शब्द शोधला, चुकली, परत शोधला. "साल," ती म्हणाली, "पोर फावोर." मीठ द्या, कृपा करून.

पुढं ती संधी मिळेल तेव्हा यायची. आम्ही भाजी चिरताना भांडायचो, तांदूळ निवडताना भांडायचो, सगळं स्पॅनिशमधून. कोळीण मनुबाई कोलंबी घेऊन यायची, ती टोपली उतरवून कंबरेवर हात ठेवून ऐकत राहायची. "काय गो बाय, ही कंची भाषा बोलताव? शिव्या देताव का मना?" हेमा इतकी हसली की कोलंबी निवडायची राहून गेली. असं खळखळून हसताना मी तिला तिच्या नवऱ्यासमोर कधी पाहिलं नव्हतं.

कासारेस आले ते नवरात्र संपताना. त्यांचं म्हणणं पडलं, की ज्या माणसाला इतक्या लांब बोलवायचं, त्याचं घर एकदा बघावं. चौबळांच्या मातोश्रींना आनंदाचं भरतं आलं. रविवारी दुपारी घरीच जेवण ठरलं. वालाचं बिरडं, कोलंबीचं कालवण, तळलेलं पापलेट. मलाही बोलावणं आलं, पण माझी जागा बायकांबरोबर स्वयंपाकघरात. मला तेच हवं होतं. तिथल्या दारातून बैठकीची खोली समोर दिसायची.

कासारेस मूळचे स्पेनचे, थोराड, लाल चेहऱ्याचे गृहस्थ. पाटावर बसायला नको म्हणून त्यांच्यासाठी शेजारच्या घरून टेबल आणलेलं. सोबत कंपनीचे मॅनेजर. हात धुऊन बसता बसता कासारेसांनी चौबळांना सहज विचारलं, "कोमो एस्ता सू माद्रे?" तुमची आई कशी आहे?

एवढाच प्रश्न. सिस्टर पिलारचा पहिल्या दिवसाचा प्रश्न.

चौबळांचे ओठ हलू लागले. मला ऐकू येत नव्हतं, पण माहीत होतं. एस्तॉय, एस्तास, एस्ता... पाढा विसरलेलं मूल सात आठे सांगायला सात एकेपासून सुरुवात करतं, तसे ते पहिल्या रूपापासून निघाले होते. कासारेस वाट बघत राहिले. चौबळ तिसऱ्या रूपाला पोचले आणि थांबायचं कुठे ते न कळून पुढे गेले. "एस्तामोस, एस्ताइस, एस्तान," शेवटचं रूप मोठ्यानं म्हणून त्यांनी खुलून वर पाहिलं.

मॅनेजर पापलेटातला काटा शोधू लागले. कासारेस हसले, चांगल्या मनानं हसले, आणि आणखी सोपं विचारलं. किती भाऊ? हे घर कोणाचं? दर वेळी चौबळ डोळे मिटत, डुलत, पहिल्यापासून निघत. कपाळावर घाम जमला होता. मी दाराची चौकट धरून उभी होते. माझ्या पोटात आनंद मावत नव्हता, मला तोंडावर पदर घ्यावा लागला.

तेवढ्यात कासारेसांच्या तोंडात कालवणातली मिरची गेली. त्यांचा चेहरा पेटला, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. "आग्वा!" ते म्हणाले. "आग्वा, पोर फावोर!"

आणि चौबळांना हा शब्द येत होता! त्यांचा चेहरा उजळला. "एल आग्वा," ते म्हणाले, आणि बोट वर करून इंग्रजीत समजावू लागले, की शब्द स्त्रीलिंगी आहे, पण त्याच्या आधी उपपद पुल्लिंगी लागतं, हा अपवाद आहे. मिरचीनं तोंड पोळलेला पाहुणा समोर तांब्याकडे हात करत होता आणि हे त्याला अपवाद सांगत होते.

माझ्या शेजारून हेमा पुढे गेली. सासूबाई "अगं, अगं" करेपर्यंत ती टेबलाशी पोचलीसुद्धा. तिनं पेला भरून पुढे केला. "आकी तिएने, सेन्योर. पिका मूचो, नो?" घ्या. फारच तिखट आहे, नाही का?

कासारेस गटागट पाणी प्यायले, डोळे पुसले आणि तिच्याकडे बघतच राहिले. मग त्यांच्या तोंडाचा नळ सुटला. हे कोणी शिकवलं? माझ्या आईच्या गावचे लोक बोलतात तसं बोलता तुम्ही! तुमचं गाव कुठलं? हेमा उत्तरं देत होती. चुकत होती, अडत होती, हातवारे करत होती. शब्द नसेल तिथे बिरड्याचा वाल उचलून दाखवत होती. गावाकडे समुद्र आहे का, असं त्यांनी विचारलं, तेव्हा तिनं खाडी आहे, मासे आहेत, पण हे पापलेट मनुबाईचं आहे आणि तिनं फार भाव लावला, एवढं सगळं सांगितलं. कासारेस टेबलावर थाप मारून हसले.

"हेमा, आत ये," मातोश्री दारातून म्हणाल्या.

कासारेसांनी शब्द ओळखला नाही, पण सूर ओळखला. त्यांनी उठून खुर्ची ओढली आणि हेमाला बसायला सांगितलं. चौबळांच्या घरात सून परक्या पुरुषांसमोर खुर्चीवर बसली. चौबळ तिच्या तोंडाकडे बघत होते आणि मधूनमधून हळूच विचारत होते, "काय म्हणाले? अगं, काय म्हणाले ते?"

जागा चौबळांनाच मिळाली. मात्र मॅनेजरांनी अट कळवली. बायको बरोबर गेली पाहिजे, नाहीतर दुसरा माणूस पाहू. मातोश्री दोन दिवस जेवल्या नाहीत म्हणे. मी त्या दोन्ही दिवशी दोन घास जास्त जेवले.

पुढच्या रविवारी चौबळ आले. बायकोशिवाय, पहिल्यांदाच. आई भिंतीशी जपमाळ घेऊन बसली होती. ते सतरंजीवर बसले नाहीत.

"तुम्ही मुद्दाम केलंत," ते म्हणाले.

"हो."

त्यांना बहुधा मी नाही म्हणेन असं वाटलं होतं. मग म्हणाले, "पण का? मी तुमचं काय बिघडवलं होतं?"

मी सांगितलं. एकोणपन्नास साल सांगितलं, श्लोक सांगितला, पोपट सांगितला, बाबांची ट्रंक सांगितली. बोलताना माझा आवाज चढला, आणि मी तो चढू दिला.

ते ऐकत होते. भुवया आक्रसून, प्रामाणिकपणे आठवायचा प्रयत्न करत होते. तो प्रयत्न मला दिसत होता. शेवटी म्हणाले, "तुम्ही? इथे? माफ करा हं, त्या वर्षी आम्ही बऱ्याच मुली पाहिल्या. मला खरंच काही आठवत नाही."

मला कोणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. म्हणजे तो पहिल्या दिवशीचा निगरगट्टपणा नव्हताच. त्यांना ओशाळण्यासारखं काही माहीतच नव्हतं. एवढी वर्षं मी या माणसाला उशाशी घेऊन झोपले, शाळेत जाताना, वाल सोलताना, देवापुढे बसताना त्याच्याशी भांडले, आणि त्याच्या डोक्यात मला बसायला पाटसुद्धा नव्हता. इतका राग मला एकोणपन्नास सालीही आला नव्हता.

"झालं ते झालं," ते म्हणाले. आवाज पुन्हा घोगरा झाला होता. "बोट सुटायला अजून अवकाश आहे. आता तरी मला बोलायला शिकवा. तिकडे मी... दर गोष्ट तिला विचारू का? दुकानात, ऑफिसात, लोकांसमोर? लोक काय म्हणतील?"

"मी नाही शिकवणार."

"मग कोण शिकवणार? इथे दुसरं आहे कोण?"

"तुमच्या घरातच आहे की," मी म्हटलं. "उत्तम बोलते. तिच्यापुढे बसा. ती विचारील तेवढ्याची उत्तरं द्या. चुकलात तर हसेल ती, पण मनावर घेऊ नका."

"हेमाकडे?" ते म्हणाले. "बायकोकडे शिकू?"

त्यांचा चेहरा असा झाला, की तो मला पुन्हा पुन्हा आठवून बघता येईल. आई जप थांबवून त्यांच्याकडे बघत होती. ते जिन्याकडे गेले, कठड्याला धरून थांबले, आणि मागे वळून माझ्याकडे पाहिलं. नीट, वरपासून खालपर्यंत, एकदा बघितलेली वस्तू ओळखून ठेवावी तसं.

ठेवा म्हणावं ओळखून. समुद्रापलीकडच्या त्या शहरात मीठ आणायला गेलात तरी दुकानदार काय म्हणाला ते बायकोला विचारावं लागेल, आणि दर वेळी माझं नाव आठवेल. आता मला विसरून दाखवा.